चंद्रपूरचा बर्फ, सह्याद्रीचे होकायंत्र

विदर्भातील चंद्रपूरचे नाव दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत तापमानाच्या बातम्यांत हमखास झळकते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की देशातील सर्वाधिक तप्त शहरांत चंद्रपूर असतेच. याच चंद्रपूरनजीक इरई येथे चुनखडीच्या प्राचीन खडकावर एकमेकींना समांतर अशा रेघा कोरलेल्या आढळतात. वाहत्या पाण्याने खडक झिजतो, गुळगुळीत होतो. पण त्यावर अशा सरळ रेघा उमटत नाहीत. त्या उमटवते हिमनदी. बर्फाचा प्रचंड थर पुढे सरकत असताना त्याच्या तळाशी अडकलेले दगडगोटे खालच्या खडकावर घासले जातात आणि कानस फिरवावी तसे ओरखडे मागे राहतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये या खुणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या १९ वर्षे आधी ओडिशातील तालचेर येथे विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड या बंधूंनी हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा थर ओळखला होता. चंद्रपूरच्या खुणा त्याच हिमयुगाच्या, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत.

विषुववृत्तापासून अवघ्या २० अंशांवर, तेही समुद्रसपाटीच्या आसपास, हिमनद्या वाहत होत्या ही गोष्ट त्या काळच्या भूवैज्ञानिकांना बुचकळ्यात टाकणारी होती. सारी पृथ्वीच त्या वेळी गोठली होती असे म्हणावे, तर त्याच कालखंडात युरोप व उत्तर अमेरिकेत दलदलीची घनदाट, उष्ण प्रदेशातील अरण्ये फोफावत होती. तेथील दगडी कोळसा त्यांचाच. आज थंड असलेला प्रदेश तेव्हा उष्ण आणि आज भाजून काढणारा प्रदेश तेव्हा बर्फाखाली, असे हे कोडे होते. हवामान बदलले एवढे म्हणून ते सुटत नव्हते. हवामान तेथेच राहिले आणि जमीनच एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली, असा विचार मात्र त्या काळी फारसा कोणाला शिवला नाही.

हिमनदीच्या या थरांच्या वर कोळशाचे थर आहेत. चंद्रपूर-वणीचा कोळसा, दामोदर खोऱ्यातील राणीगंज व झरियाचा कोळसा हा सारा याच खडकसमूहातला. मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून या समूहाला १८७० च्या दशकात ‘गोंडवन’ असे नाव देण्यात आले. त्यात जिभेच्या आकाराच्या पानाचा एक जीवाश्म विपुल सापडतो, त्याचे नाव ग्लोसॉप्टेरिस. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडते. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एदुआर्ड झ्यूस यांनी त्यावरून असे अनुमान काढले की, हे दक्षिणेकडील प्रदेश एकेकाळी सलग होते. या सलग भूमीला त्यांनी १८८५ मध्ये ‘गोंडवनलँड’ हे नाव दिले. महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या सीमेवरील एका आदिवासी समाजाचे नाव अशा रीतीने जगाच्या भूगोलात कायमचे कोरले गेले. मात्र झ्यूस यांच्या कल्पनेतले खंड जागचे हललेले नव्हते. मधली जमीन समुद्रात बुडाली आणि उरलेले तुकडे वर राहिले, असे त्यांचे म्हणणे होते.

हे चित्र उलटे करून पाहण्याचे धाडस केले ते आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने. १८८० मध्ये बर्लिन येथे जन्मलेल्या वेगेनर यांनी डॉक्टरेट मिळवली खगोलशास्त्रात, संशोधन केले हवामानशास्त्रात आणि ओढ होती ग्रीनलंडच्या बर्फाची. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या भावासह बलूनमधून सलग ५२ तास उड्डाण करून विक्रम केला होता. भूविज्ञान हा काही त्यांचा विषय नव्हता. १९१० च्या अखेरीस एक नवा नकाशासंग्रह चाळताना आफ्रिकेचा पश्चिम किनारा व दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा एकमेकांत चपखल बसतात, हे त्यांच्या नजरेत भरले. भावी पत्नी एल्सा हिला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या कल्पनेचा उल्लेख केला आणि नंतर ती बाजूला ठेवली. किनाऱ्यांचे साम्य काही नवे नव्हते. नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियस यांनी १५९६ मध्येच ते नोंदवून ठेवले होते. पुढल्या वर्षी ब्राझील व आफ्रिका येथील जीवाश्मांच्या साम्याविषयीचा मजकूर वेगेनर यांच्या वाचनात आला, तेव्हा मात्र ते या विषयामागे लागले. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानात त्यांनी आपला विचार पहिल्यांदा जाहीरपणे मांडला. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतल्यावर सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी ग्रंथ लिहिला. खंड व महासागर यांच्या उत्पत्तीवरील हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सारे खंड एकेकाळी ‘पँजिया’ या एकाच महाखंडात सामावलेले होते आणि तो फुटून त्याचे तुकडे दूर सरकले, हा त्याचा गाभा.

आपली बाजू समजावून देताना वेगेनर यांनी वर्तमानपत्राचाच दाखला दिला होता. वर्तमानपत्राचा फाटलेला कागद जुळवायचा झाल्यास आपण आधी कडा जुळवतो आणि मग छापील ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर सरळ जातात का ते पाहतो. कडा योगायोगाने जुळू शकतात. ओळीही जुळल्या तर मात्र शंका घेण्यास जागा उरत नाही. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर अशा ‘ओळी’ होत्या. दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताची पर्वतरांग समुद्राशी एकाएकी तुटते आणि अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेस तशाच खडकांची, तशाच घड्यांची रांग पुन्हा सुरू होते. मेसोसॉरस हा जेमतेम हातभर लांबीचा जलचर सरपटणारा प्राणी फक्त दोनच ठिकाणी सापडतो, दक्षिण अमेरिकेच्या पूर्व भागात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात. हजारो किलोमीटरचा खारा महासागर पोहून जाईल असा हा प्राणी नव्हे. एवढा पोहू शकला असता, तर तो आणखी कुठेतरी पोहोचला असता.

यावर विरोधकांचे उत्तर तयार होते. दोन खंडांमध्ये पूर्वी जमिनीचे सेतू होते. प्राणी-वनस्पती त्यावरून गेल्या आणि मग सेतू बुडाले. जीवाश्म सापडेल तसा नकाशावर एकेक सेतू वाढत होता. वेगेनर यांनी या उत्तरातील मूलभूत दोष दाखवला. खंडांचे खडक हलके, तर महासागराच्या तळाचे खडक जड असतात. लाकडाचा ओंडका पाण्यावर तरंगावा तसे खंड खालच्या जड थरावर तरंगून आहेत, हे तोवर गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांतून स्पष्ट झाले होते. ओंडका कसा बुडेल? एखादा खंडप्राय सेतू खोल समुद्राच्या तळाशी नाहीसा होणे भौतिकशास्त्राच्या नियमांत बसत नव्हते. तो बाजूला सरकणे निदान अशक्य तरी नव्हते.

हवामानतज्ज्ञ असलेल्या वेगेनर यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद अर्थात हवामानाचाच होता. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया या चारही ठिकाणच्या प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आजच्या नकाशावर मांडल्या तर अर्ध्या पृथ्वीवर विखुरतात. त्यांतील काही तर अशा दिशेच्या आहेत की, बर्फ समुद्रातून जमिनीवर चढला असे मानावे लागते. खंड मूळच्या जागी एकत्र आणले की याच खुणा दक्षिण ध्रुवाभोवतीच्या एकाच हिमाच्छादनात गोळा होतात, आणि युरोप-अमेरिकेची कोळशाची अरण्ये आपोआप विषुववृत्तावर येतात. चंद्रपूरचे ओरखडे व जर्मनीतला कोळसा ही दोन्ही कोडी एकाच उत्तराने सुटतात.

वेगेनर यांचा ग्रंथ १९२४ मध्ये इंग्रजीत आला आणि दोनच वर्षांनी न्यूयॉर्क येथे अमेरिकी पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेने या विषयावर परिसंवाद घेतला. बहुतेक वक्त्यांचा सूर प्रतिकूल होता. वेगेनर परके आहेत, सोयीचे पुरावे वेचून घेतात, हे आक्षेप होतेच. पण खरा प्रश्न वेगळा होता. खंड कोणत्या शक्तीने सरकले? पृथ्वीच्या परिवलनातून निर्माण होणारे बल आणि सूर्य-चंद्रांची ओढ अशी दोन कारणे वेगेनर यांनी पुढे केली होती. हॅरल्ड जेफ्रीज या ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञांनी गणित करून दाखवले की, ही बले लक्षावधी पटींनी अपुरी आहेत. शिवाय महासागराचा कठीण तळ नांगरत खंड पुढे जातात, या वेगेनर यांच्या चित्रात खंडांचाच चुरा व्हायला हवा होता.

जेफ्रीज यांचे गणित बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा ठरला. वेगेनर यांनी सुचवलेले कारण खोटे, याचा अर्थ घटनाही खोटी, असा होत नाही. हिमयुगे येऊन गेली हे भूवैज्ञानिकांनी १९ व्या शतकातच मान्य केले होते आणि ती का आली याचा समाधानकारक उलगडा झाला तो २० व्या शतकात. तेथे कारणाची वाट पाहण्यात आली नाही. खंडांच्या बाबतीत मात्र ती पाहण्यात आली. कारण सांगणारा न्यूटन या सिद्धांताला अजून लाभायचा आहे, अशी कबुली वेगेनर यांनी स्वतःच १९२९ च्या अखेरच्या आवृत्तीत देऊन ठेवली आहे. त्यांच्याकडून एक मोठी चूकही झाली. ग्रीनलंड युरोपपासून दूर जात आहे हे रेखांशांच्या मोजणीने सिद्ध होते, असे त्यांनी मांडले आणि त्यातून निघणारा वेग वर्षाला कित्येक मीटर इतका होता. प्रत्यक्षात तो दोन-अडीच सेंटिमीटर, म्हणजे नख वाढण्याच्या वेगाइतका आहे. त्या काळच्या मोजणीतील त्रुटीच त्याच्या शेकडो पट होती.

ग्रीनलंडनेच त्यांचा शेवट केला. १९३० च्या मोहिमेत हिमपठाराच्या मध्यभागी असलेल्या तळावर हिवाळ्यासाठी सामग्री पोहोचवण्यास वेगेनर निघाले. उणे ५० अंशांच्या आसपासच्या थंडीत ते ३० ऑक्टोबरला तेथे पोहोचले आणि १ नोव्हेंबरला, पन्नासाव्या वाढदिवशी, रास्मुस विलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुण सोबत्यासह परतीला लागले. दोघेही किनाऱ्याला पोहोचले नाहीत. पुढल्या मे महिन्यात वेगेनर यांचा मृतदेह बर्फात नीट पुरलेला सापडला. विलुमसेनचा मात्र पत्ता लागला नाही.

दुसऱ्या ध्रुवावर याच्या कितीतरी आधी एक पुरावा मिळाला होता. वेगेनर यांचे फ्रँकफुर्टचे व्याख्यान झाले त्याच महिन्यात ब्रिटिश कॅप्टन रॉबर्ट स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर ते व त्यांचे सोबती भुकेने व थंडीने मरण पावले. शोधपथकाला नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांचा तंबू सापडला, तेव्हा जवळच त्यांनी अखेरपर्यंत ओढत आणलेले सुमारे १६ किलो दगड होते. त्यांत ग्लोसॉप्टेरिसच्या पानांचे ठसे निघाले. राणीगंजच्या खाणीतले पान अंटार्क्टिकाच्या बर्फातही होते.

दक्षिण गोलार्धातील भूवैज्ञानिकांना, ज्यांच्या पायाखालीच हे खडक होते, वेगेनर यांचे म्हणणे तितके वावगे वाटले नाही. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर ड्यू टॉइट यांनी दक्षिण अमेरिकेत जाऊन तेथील थर आपल्याकडील थरांशी ताडून पाहिले आणि वेगेनर यांच्यापेक्षाही बारकाईने पुरावे मांडले. ब्रिटनमध्ये आर्थर होम्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस कारणाची दिशा दाखवली. किरणोत्सारी द्रव्यांमुळे पृथ्वीचे अंतरंग तापते, आणि चुलीवरच्या आधणात पाणी खालून वर व वरून खाली फिरत राहते तसे भूकवचाखालचे प्रावरण घन असूनही अतिशय संथपणे फिरत असावे, ही त्यांची कल्पना. तिच्याकडेही पुढची ३० वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

कोंडी फुटली ती भलत्याच दिशेने, आणि त्यात सह्याद्रीचा वाटा आहे. लाव्हा थंड होऊन कातळ बनतो, तेव्हा त्यातील लोहयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार चुंबकित होतात आणि ती दिशा कातळात गोठून जाते. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, तर ध्रुवाकडे जावे तशी अधिकाधिक कलते. त्यामुळे कातळातल्या चुंबकत्वाचा कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर थिजला हे सांगता येते. असा कातळ म्हणजे एका क्षणी बंद पडलेले होकायंत्रच. केंब्रिजमधील एडवर्ड आयर्विंग या विद्यार्थ्याने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी भारतातून दख्खनच्या काळ्या कातळाचे नमुने मागवून हा कल मोजला. भारत उत्तरेकडे सरकल्याचे ते नमुने सांगत होते. आयर्विंग यांचा पीएचडीचा प्रबंध केंब्रिजने नाकारला; पुढे याच विषयात त्यांनी जागतिक कीर्ती मिळवली. लंडनमधील जॉन क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या कातळांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हा अभ्यास सुरू झाला.

सर्वांचा निष्कर्ष एकाच दिशेचा होता. घाटमाथ्यावरचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी आणि रायगड-राजगडाचे बुरूज ज्या कातळाचे आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस २० ते ३० अंशांवर होता. तेथून आजच्या जागी येण्यासाठी त्याने चार ते पाच हजार किलोमीटरचा प्रवास केला आहे. वेगेनर यांच्याकडे होते ते साम्यांचे पुरावे. येथे प्रथमच प्रवासाचे अंतर आकड्यांत मोजता आले.

उरलेले काम महासागराच्या तळाने केले. अटलांटिकच्या मध्यातून जाणाऱ्या सागरी पर्वतरांगेच्या माथ्यावर एक सलग खचदरी आहे, हे अमेरिकेच्या मेरी थार्प यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला खोलीच्या आकड्यांवरून नकाशा काढताना ओळखले. समुद्राचा तळ तेथे दुभंगत असावा, असा त्याचा अर्थ होता. थार्प यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ही कल्पना सुरुवातीला बायकी बडबड म्हणून उडवून लावली. पुढे त्यांनाही ती मान्य करावी लागली. या फटीतून खालचा शिलारस वर येतो, थिजतो व दोन्ही बाजूंना सरकत जातो, असे हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडले.

त्याची कसोटी लागली ती अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा अधूनमधून उलटते. शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. तळ खरोखरच मधून फाकत असेल, तर सुलट व उलट चुंबकत्वाचे पट्टे पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना सारख्याच क्रमाने उमटायला हवेत, टेपरेकॉर्डरच्या फितीवर आवाज उमटावा तसे. कार्ल्सबर्ग रांगेवर १९६२ मध्ये ब्रिटिश जहाजाने केलेल्या मोजणीच्या आधारे फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हा अर्थ लावला. लॉरेन्स मॉर्ली या कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी तोच विचार स्वतंत्रपणे लिहून पाठवला होता, पण त्यांचा लेख छापण्यास नकार मिळाला. १९६६ मध्ये पॅसिफिकमधील एका मोजणीत रांगेच्या दोन बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जुळल्या आणि विरोध मावळू लागला. ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजाने १९६८ मध्ये दक्षिण अटलांटिकच्या तळाला छिद्रे पाडली, तेव्हा रांगेपासून जितके दूर जावे तितका तळ जुना, हे हाती आलेल्या नमुन्यांनीच दाखवले. जमिनीवर चार अब्ज वर्षांचे खडक आहेत; खुल्या महासागरांचा तळ मात्र कुठेही २० कोटी वर्षांच्या फार पलीकडे जात नाही.

जेफ्रीज यांचा आक्षेप येथे निकाली निघाला. खंड समुद्राचा तळ नांगरत जातच नाहीत. खंड आणि समुद्रतळ मिळून बनलेले विशाल भूपट्ट सरकतात आणि होडीतल्या उतारूप्रमाणे खंड त्यावर बसून जातात. एकीकडे नवा तळ जन्मतो, दुसरीकडे जुना, थंड व जड झालेला तळ खोल सागरी गर्तांतून पृथ्वीच्या पोटात जातो आणि जाताना आपल्यामागचा भूपट्ट ओढून नेतो. ही ओढ आज सर्वांत प्रभावी कारण मानली जाते. प्रावरणातील अभिसरणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. गती नाकारण्यासाठी मात्र हे कारण आता कोणी पुढे करत नाही.

भारताचा प्रवास या साऱ्यांत विशेष वेगवान. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी तो अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियापासून सुटला, ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून आणि दख्खनच्या उद्रेकानंतर थोड्याच काळाने सेशेल्सपासून. त्या सुमारास त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या घरात होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राचा गाळ घड्या पडून हिमालयात उचलला गेला. अनेक मराठी घरांतील देव्हाऱ्यात पूजला जाणारा शाळिग्राम हा गंडकीच्या पात्रातला दगड त्याच समुद्रातील अमोनाइट या शंखधारी प्राण्याचा जीवाश्म असतो. जिवंत साक्षीदारही आहेत. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील पश्चिम घाटात वर्षभर जमिनीखाली राहून पावसाळ्यात काही दिवसच वर येणारा जांभळा बेडूक २००३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाला. ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’ हे त्याचे नाव. त्याचे सर्वांत जवळचे नातलग आहेत सेशेल्स बेटांवर, मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटरचा समुद्र. आणि बेडकाला खारे पाणी सोसत नाही.

वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात जे मोजू पाहत होते, ते आज उपग्रहांच्या साहाय्याने नित्यनेमाने मोजले जाते. बंगळुरू येथील स्थानकाच्या नोंदींनुसार द्वीपकल्पीय भारत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो आहे. त्यातील सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयात दबून साठत राहतात आणि नेपाळमध्ये २०१५ साली झाला तशा भूकंपांतून मोकळे होतात. याच रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटातही पसरलेला आहे. स्थिर मानल्या गेलेल्या मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तिच्यामागे हाच ताण असल्याचे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.